निशाणी सत्तेचाळीस

आत्माराम शेवड्यांनी वाचनालयाचं पुस्तक फाडलं, ही गोष्ट खरी नाही. त्यांनी ते उसवलं. एकच पान, चाकूच्या टोकाने टाके सोडवून, कडेला ओरखडासुद्धा न येऊ देता. पण फाडणं आणि उसवणं यांतला फरक रत्नागिरीत दोघातिघांनाच कळत असेल, आणि त्यांतले दोन शिंपी.

आत्मारामपंत कोर्टात नक्कल कारकून होते. एकोणतीस वर्षं ते दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होते. मूळ कागदात 'आंब्याचे कलम'च्या जागी 'अंब्याचे कलम' असेल, तर नकलेतही अंबाच. मूळ कागदावर शाईचा डाग असेल, तर नकलेत त्या जागी कंसात 'येथे डाग'. एका कैफियतीत कुणाचा तरी मयत बाप चुकून जिवंत दाखवला गेला होता. पंतांनी त्याला नकलेतही जिवंत ठेवला आणि खाली 'खरी नक्कल' म्हणून सही ठोकली. त्यांना विचाराल तर जगात लबाडी फार आहे, पण ती नकलेच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

अशा माणसाच्या घरी एकतीस सालच्या पौषात डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या पत्नीचा, मथुराबाईंचा, डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू. दर हिवाळ्यात कोल्हापूरहून एक डोळ्यांचे डॉक्टर पंधरवड्यासाठी येत आणि घरोघर जाऊन मोतीबिंदू काढत. त्यांनी माजघरातल्या लाकडी पलंगावरच काम उरकलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली, मानेच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि पंतांना ओटीवर बोलावून हुकूम सांगितले.

"चौदा दिवस उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही. खोकणं नाही, शिंकणं नाही, हसणं नाही. आणि रडणं तर मुळीच नाही. टाक्यावर ताण आला की संपलं."

रडण्याचं ऐकून पंतांनी माजघराचं दार हळूच ओढून घेतलं. मथुराबाईंचा धाकटा भाऊ बाबू सहा वर्षांपूर्वी मुंबईहून सणाला घरी येताना बोट बुडाली तीत गेला. बावीस वर्षांचा होता. प्रेतही मिळालं नाही. तेव्हा त्या महिनाभर रडल्या, आणि एक दिवस डोळे पुसून उठल्या त्या उठल्या. पुन्हा त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. घरात कुणालाही घेऊ दिलं नाही. समोरच्या गंगुबाईंचं ठाम मत होतं की मथुरेचा डोळा मोतीबिंदूने नव्हे, त्या रडण्याने गेला. डॉक्टरांना हे मत मान्य नव्हतं. गंगुबाईंना डॉक्टर मान्य नव्हते.

"पौषात कुणी चाकू लावून घेतो का गो?" त्या म्हणाल्या. "आता घेतलासच, तर निमूट पड."

पण निमूट पडणं हीच अडचण होती. ज्या बाईने वीस वर्षांत दुपारी पाठ टेकली नव्हती, तिला चौदा दिवस वाळूच्या पिशव्यांमध्ये ठेवणं म्हणजे मांजराला पेटीत ठेवणं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी "दुधावर झाकण ठेवलंत का?" म्हणून मान वळवली. पट्टी बघायला आलेला डॉक्टरांचा कंपाउंडर ओरडला. मग कुणीतरी काहीतरी वाचून दाखवावं, म्हणजे मन रमेल, असं ठरलं.

काय वाचावं यावर आळीचं एकमत होईना. गंगुबाईंनी पोथी सुचवली. पण पोथीत तिसऱ्या अध्यायात राणी पोराला घेऊन रानात जाते आणि तिथे गंगुबाई स्वतःच हुंदके देतात. शेजारचे रावजी मास्तर, पेन्शनीत निघालेले शिक्षक, यांनी भूमिती सुचवली. "भूमितीने आजवर कुणी रडलेलं नाही," ते म्हणाले. चाळीस वर्षं वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिणाऱ्या माणसालाच असं वाटू शकतं. शेवटी पंत आळीतल्या वाचनालयात गेले आणि चिटणिसांपुढे अट मांडली: हसू येणार नाही, रडू येणार नाही, असं काही द्या.

चिटणिसांनी क्षणभरही विचार केला नाही. वरच्या फळीवरून त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. मुखपृष्ठ आणि नाव दोन्ही कसरीने खाल्लेलं. परदेशी अद्भुत कथांचं भाषांतर. "तीन वर्षांत कुणी नेलं नाही," ते म्हणाले. "नेलं असतं तरी कुणाला काही झालं नसतं."

तसंच झालं. भाषांतरकर्त्याने माणसांना मराठी नावं दिली होती, पण हवा तिकडचीच ठेवली होती. पहिल्याच गोष्टीत पुरुषोत्तम नावाचा एक गृहस्थ गुडघाभर बर्फातून, उपरणं सावरत, एका बोलणाऱ्या अस्वलिणीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाला होता. दुसऱ्या गोष्टीत एका सरदाराच्या शिंकेने उडालेलं गाव तीन दिवस आभाळात तरंगत होतं. पंत हे सगळं कोर्टातल्या आवाजात वाचत, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत. असल्या थापा छापण्यासाठी कुणाच्या तरी हातून कागद वाया गेला याचं त्यांना मनापासून दुःख होई. पण मथुराबाई स्तब्ध पडून ऐकत.

"मग अस्वलीण आली का हो हळदीकुंकवाला?" एवढंच त्या विचारत.

चार संध्याकाळींत श्रोते जमले. गंगुबाई वाती वळत बसत. रावजी मास्तर भाषा तपासायला येत. भाट्याहून भांडी घासायला येणारी जनी काम संपलं तरी उंबऱ्याशी टेकून राही. पाचव्या संध्याकाळी लांबलचक गोष्ट सुरू झाली. एका बेटावर सात वर्षं सूर्य उगवलेला नाही. चंद्रकला नावाची मुलगी धुक्याचं सूत काढून त्याचं शीड विणते. तिचा धाकटा भाऊ मकरंद ते शीड होडीला लावतो आणि सूर्याला आणायला समुद्रापलीकडे जातो.

"धाकटा का?" मथुराबाईंनी विचारलं.

"धाकटाच लिहिलंय," पंत म्हणाले.

मकरंद सूर्यापर्यंत पोचला. सूर्याला होडीत घेऊन परत निघाला. किनारा दिसू लागला, चंद्रकला खडकावर उभी होती. नक्कल करणाऱ्याची नजर नेहमी हाताच्या एक ओळ पुढे असते. ती पुढच्या ओळीवर गेली, आणि पंतांचं बोट ओळीवरच अडलं. एकशे बाराव्या पानावर ऊन लागून धुक्याचं शीड विरघळत होतं, होडी कलंडत होती, आणि 'बहिणीच्या नेत्रांदेखत मकरंद सागराच्या उदरी गडप झाला' असं स्वच्छ छापलं होतं.

पंतांनी पलंगाकडे पाहिलं. पांढरी पट्टी, दोन पिशव्या, आणि वाट पाहणारी हनुवटी.

"आणि..." ते म्हणाले, "आणि मकरंदाला फळी सापडली."

"कसली फळी?" रावजी मास्तर.

"फणसाची." खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तितका तपशील देतो.

"परदेशात फणस?"

"भाषांतर आहे, मास्तर!" पंत कडाडले. पुस्तक मिटून त्यांनी त्या दिवशीचं वाचन संपवलं. जनीने उंबऱ्यावरून नि:श्वास टाकला. "वाचला बाय. माझा तर काळीज तोंडात आलेला."

त्या रात्री पंतांना झोप लागली नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी मूळ बदललं होतं. आणि सकाळी गंगुबाई येऊन म्हणाल्या, "तुम्ही कोर्टात जाता, तर दुपारी मी वाचून दाखवते. मला अक्षरं लागतात हो." मथुराबाई म्हणाल्या, "पुढचं नको, पुढचं ह्यांच्याकडूनच. कालचंच वाचा परत. ते फळीचं."

तेव्हा तो चाकू निघाला. एकशे अकरा-एकशे बारा हे पान पंतांनी उसवलं, घडी न घालता कोर्टाच्या दप्तरात सरकवलं, आणि चौदा दिवसांनी पुन्हा शिवायचं असं मनाशी नोंदवून ठेवलं. गंगुबाईंना त्यांनी सांगितलं की तेवढं पान सुटं झालंय, फळीचं तोंडीच सांगा. गंगुबाईंनी सांगितलं, आणि फळीबरोबर दोन माड आणि एक देवमासाही घातला. ते संध्याकाळी कळल्यावर पंत रोज अख्खं पुस्तकच कोर्टात नेऊ लागले.

खरी पंचाईत पुढे होती. भाऊ वाचवणं सोपं होतं. त्याला सांभाळणं अवघड. पुस्तकात इथून पुढे चाळीस पानं चंद्रकला भावाचं शव मागायला समुद्राच्या राजाकडे जात होती. पंतांच्या गोष्टीत भाऊ घरी धडधाकट बसलेला. मग बाई समुद्राच्या राजाकडे कशाला गेली? पंतांना जगातल्या एकाच जागेची बारकाईने माहिती होती. त्यांनी सांगितलं, ती होडी परत मिळावी म्हणून फिर्याद करायला गेली.

बघता बघता समुद्राच्या तळाशी मुन्सफाची कचेरी उभी राहिली. समन्स निघालं, ते बजावायला गेलेल्या सुरमईला प्रतिवादी भोवरा घरी सापडेना. तारीख पडली. भरती आली म्हणून दुसरी तारीख पडली. दरम्यान रिकाम्या मकरंदाचं काय करायचं, यावर श्रोत्यांनी सूचनांचा पाऊस पाडला. जनीला त्याचं लगीन हवं होतं. गंगुबाईंनी मुलगी सुद्धा सुचवली, चौथ्या गोष्टीतली. आणि पंतांना नकळत त्या पोराचा लळा लागला होता. त्यांनी त्याला बेटावर चार माड लावून दिले.

"भाषांतर एकाएकी कोर्टात कसं शिरलं?" रावजी मास्तर भुवया चढवून म्हणाले. "शैली बदलली."

"मूळ लेखक वकील असावा," पंत म्हणाले.

ऑपरेशननंतरच्या दहाव्या संध्याकाळी साक्षीदार म्हणून खेकडा पिंजऱ्यात आला. राजाने विचारलं, होडी कोणाची? खेकडा म्हणाला, ते सरळ कसं सांगू, मला सरळ येतच नाही. आणि पलंगावरून आवाज आला. मथुराबाई हसत होत्या. पोट हलत होतं, वाळूच्या पिशव्या हलत होत्या. सहा वर्षांत ते हसणं पंतांनी ऐकलं नव्हतं. एक क्षण त्यांना धन्य वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी डॉक्टरांचे हुकूम आठवले.

"हसू नको! अगं, हसू नको!" ते पुस्तक टाकून पलंगाशी गेले. "टाका आहे!"

"नाही हसत," असं म्हणत त्या आणखी थोडं हसल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची चिठ्ठी आली: पुस्तकाला मागणी आहे, ताबडतोब परत करावं. तीन वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, त्याला मागणी! मागणी रावजी मास्तरांची होती. मूळ लेखक वकील होता का, हे त्यांना पाहायचं होतं. पंत पान शिवायला म्हणून दप्तर उघडतात, तर पान नाही. त्यांनी सगळं टेबल उपसलं. शेवटी पान सापडलं, पण नको तिथे. भाट्याच्या एका नारळाच्या बागेच्या हद्दीचा दावा होता. त्याच्या कागदांत त्यांच्याच हातून ते मिसळलं होतं, आणि कागद साहेबांपुढे जाऊन आले होते. मकरंदाच्या बुडण्यावर लाल शाईने 'निशाणी ४७' पडली होती.

आता ते पुस्तकाचं पान राहिलं नव्हतं, पुरावा झाला होता. निशाणी पडलेला कागद फायलीतून काढायचा तर साहेबांकडे अर्ज, अर्जात कारण. एकोणतीस वर्षांची नोकरी पणाला लावून हे कारण लिहिणं पंतांना जमेना. फायलीतून एखादा कागद गुपचूप काढता येतो, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी पुस्तक तसंच परत केलं.

दोन दिवसांनी, तेराव्या दिवशी, रावजी मास्तर ओटीवर उभे. ते वाचनालयाच्या समितीवर होते. हातात पुस्तक, आणि आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"शेवडे, एकशे अकरा-बारा गायब आहे. आणि तेवढंच नाही. मी सगळं वाचलं. यात कचेरी नाही, खेकडा नाही, माड नाहीत. म्हणजे निदान वीस पानं गेली! की मग तो मकरंद मुळात..."

माजघराचं दार उघडं होतं. आत पलंगावर मथुराबाई पडल्या होत्या. पट्टी सुटायला एक दिवस होता.

"फाडली," पंत घाईने म्हणाले. "मी फाडली, मास्तर. वीस पानं."

"तुम्ही?" रावजी मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. त्यांना भांडण हवं होतं, कबुली नको होती. "का?"

"आवडली म्हणून."

पंतांचं नाव सभासदांतून कमी झालं. वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलं गेलं: 'पुस्तके फाडणाऱ्यांपासून सावध. आ. वि. शेवडे.' कोर्टात जाणारे पक्षकार तिथूनच जात. एका शेतकऱ्याने तर आपल्या दाव्याची नक्कल घेताना मूळ कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. पंतांनी तो त्याच्या हातात असतानाच वाकून उतरवून काढला.

चौदाव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी डोळ्यापुढे बोटं धरली. मथुराबाईंनी खूप वेळ पाहिलं.

"उजेड आहे," त्या म्हणाल्या. "दार कुठे आहे ते कळतंय."

डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, भिंगातून पाहिलं, आणि ओटीवर येऊन हात धुतले. दहा-वीसांत एखाद्याचं असं होतं, ते म्हणाले. आत सूज येते. कुणाची चूक नाही. आता पुन्हा कापण्यात अर्थ नाही.

"दहाव्या दिवशी ती हसली होती," पंत हळूच म्हणाले. "माझ्यामुळे."

"हसण्याचा काही संबंध नाही हो."

पंतांनी मान डोलावली. पण तो संबंध त्यांनी मनात नोंदवून ठेवला, आणि त्यांची नोंद कधी खोडली जात नसे.

पुढचे दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मथुराबाई भिंत धरून चुलीपर्यंत जायला शिकल्या. तांदूळ हाताने निवडायला शिकल्या. रावजी मास्तर एकदा येऊन बसले. "फळ्यावरचं पुसून टाकतो," म्हणाले. "नको," पंत म्हणाले, "लिहिलं ते लिहिलं." मास्तर बराच वेळ उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले आणि उठून गेले.

मग एका संध्याकाळी मथुराबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मकरंद बुडाला ना?"

पंतांनी दिव्याची वात उगाच वर केली.

"समुद्राचा राजा कधी तारखा देतो का हो? तुमचा आवाज बदलला तेव्हाच कळलं मला. मी काही बोलले नाही. तुम्ही इतकं जिवावर उदार होऊन सांगत होतात." त्या थांबल्या. "आता डोळ्याला जपायचं काही राहिलं नाही. जे छापलंय ते वाचून दाखवा मला."

दुसऱ्या दिवशी आत्मारामपंतांनी कोर्टात आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. भाट्याच्या दाव्यातील निशाणी ४७ ची नक्कल मिळावी. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता: 'अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध.' त्या रकान्यापाशी त्यांची लेखणी फार वेळ अडली. मग त्यांनी लिहिलं, 'बुडालेल्याचा मेहुणा.'

शिरस्तेदारांनी अर्ज वाचला. माडांच्या हद्दीच्या दाव्यात कोण बुडालं, म्हणून त्यांनी फाईल मागवली. निशाणी सत्तेचाळीस काढली आणि उभ्याउभ्याच दोन्ही बाजू वाचल्या. त्यांनी चष्मा काढून पंतांकडे पाहिलं. लहान गाव, बोटीत कोणाचं कोण गेलं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"किती प्रती?" त्यांनी विचारलं.

"एक."

त्यांनी सही केली. पंतांनी आपल्या टेबलावर बसून ते पान उतरवून काढलं. विरघळणारं शीड, कलंडणारी होडी, खडकावरची बहीण. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. 'गडप झाला' लिहिताना एक थेंब पडून शाई फुटली. तेवढ्यापुरता तो कागद मुळाबरहुकूम नव्हता.

रविवारी दुपारी त्यांनी तो मथुराबाईंना वाचून दाखवला. कोर्टातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली; शेवटच्या ओळीपर्यंत तो आवाज पोचला नाही. मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. काही दिसत नसलेल्या त्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"बाबूला पोहता येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

पंतांनी कागद खाली ठेवला.

"लोकांना वाटतं, कोकणातला म्हणजे पोहणारच. आमच्या माहेरी, पालीला, कुठला आलाय समुद्र? आठ वर्षांचा असताना नदीत बुडता बुडता वाचला, तेव्हापासून पाण्याला भ्यायचा. मुंबईची नोकरी लागली तेव्हा मला म्हणाला, ताई, बोटीने येताना मी मधोमध बसतो, पाणी दिसू नये म्हणून. कुणाला सांगू नको, हसतील." त्यांनी हात पुढे करून पंतांचा हात शोधला. "मीच लिहिलं होतं त्याला, सणाला ये म्हणून. तो नको म्हणत होता. दोनदा लिहिलं."

हे पंतांना माहीत नव्हतं. त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला. मथुराबाई बोलत राहिल्या. बाबू फणसाची साटं चोरून कुठे लपवायचा, त्याला रातांबे सोसत नसत, आईच्या मागे तो त्यांच्याच मांडीवर झोपायचा. समोरून गंगुबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. पायरीवर त्या थबकल्या, आतलं नाव त्यांच्या कानावर पडलं, आणि वाटी पदराखाली घेऊन, चपलांचा आवाज न करता, त्या परत गेल्या.